इंग्लंडच्या केअर व्हिसासाठी लाखो रुपये मागणाऱ्या 'ब्रदर'पासून सावध राहा

इंग्लंडमध्ये केअर वर्करची (म्हाताऱ्या, आजारी माणसांची देखभाल करणाऱ्याची) नोकरी आणि व्हिसा मिळवून देतो असं सांगून आज कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तो सरळसरळ खोटं बोलतोय. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं ब्रिटिश सरकारने बंद केलं आहे. तरी नगर, श्रीरामपूर, जालन्याकडून नातेवाइकांचे फोन येतच असतात, "अमुक ब्रदर आलेत, बारा लाखांत काम करून देतात म्हणे, जरा चौकशी कर ना." चर्चमध्ये प्रार्थना घेणाऱ्या माणसाला आमच्याकडे असं 'ब्रदर' म्हणतात. म्हणून आमच्याबाबतीत काय झालं ते कोणाचं नाव न घेता, पण काही न लपवता लिहिते आहे.

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले. माझं नर्सिंग मिरजेला झालं, पुढे पुण्यात स्टाफ नर्स होते. मिस्टर एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नर्स म्हणून इंग्लंडला यायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा, मग इथल्या नर्सिंग कौन्सिलची परीक्षा आणि इथे पोहोचल्यावर प्रात्यक्षिक द्यावं लागतं. वेळ जातो, पण रस्ता सरळ आहे. त्या वेळी बरीच सरकारी हॉस्पिटलं विमानाचं तिकीट आणि सुरुवातीची राहण्याची सोयही स्वतः करायची. मी अभ्यासाला लागले होते. आम्हाला फसवणाऱ्या 'ब्रदर'ने नेमकं तिथूनच आम्हाला बाजूला काढलं. "सिस्टर, एवढ्या परीक्षा कशाला? केअर वर्कर म्हणून चला, तिथे गेल्यावर नर्स व्हाल. आणि मिस्टरांनाही सोबत नेता येईल." २०२३ साल होतं. केअर वर्करला जोडीदार सोबत नेता येत होता, ती सोय ११ मार्च २०२४ ला बंद झाली. म्हणजे त्याचं बोलणं निम्मं खरं होतं, आणि असल्या माणसांची मदार त्या निम्म्यावरच असते.

तो भेटला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या) सभेत. मराठी माणूस, इंग्लंडात काही वर्षं काढलेला. खणखणीत आवाजात प्रार्थना करायचा, पवित्र शास्त्रातली वचनं तोंडपाठ. नंतर घरी आला. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे कळल्यावर त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून त्याने लांबलचक प्रार्थना केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 'आमेन' झाल्यावर त्याच बैठकीत त्याने बॅगेतून कागद काढले.

मिस्टरांनी खर्चाचा तपशील मागितला. त्याने वहीचं पान फाडून लिहून दिलं: स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट सात लाख, 'गव्हर्नमेंट स्किल चार्ज' तीन लाख, वकील आणि फाइल दोन लाख. जाताना ते पान त्याने मागून घेतलं, पण मिस्टरांनी आधीच मोबाइलवर त्याचा फोटो काढला होता. आमच्या हातात आज जे पुरावे आहेत त्यात हा फोटो सगळ्यात मोलाचा आहे.

आता त्या पानावरची एकेक रक्कम बघा. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट हा काही शिक्का मारलेला कागद नसतो. नोकरी देणारी कंपनी तुमच्या व्हिसासाठी ऑनलाइन नोंद करते आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. त्या वेळी त्यासाठी कंपनीला सरकारकडे २०० पौंडांच्या आसपास भरावे लागायचे, म्हणजे साधारण वीस हजार रुपये. त्याचे आमच्याकडून सात लाख घेतले. स्किल चार्ज, म्हणजे परदेशी कामगार घेतल्याबद्दलची सरकारी फी, मालकाने स्वतः भरायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. आणि नोकरी शोधून देण्याबद्दल कामगाराकडून फी घेणं ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्यानेच बंद आहे. आपल्याकडेही परवानाधारक रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. एजंटचा परवाना खरा की खोटा हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर फुकट पाहता येतं. प्रश्न पडला तर मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे.

पैसे काही रोख गेले, काही कोणा तिसऱ्याच बाईच्या खात्यावर. पावती नाही. उरलेल्या रकमेसाठी तारण म्हणून त्याने सासऱ्यांकडून सही केलेले कोरे चेक घेतले.

आमचा व्हिसा खरा होता. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की व्हिसा आला म्हणजे आपण सुटलो. कंपनीही सरकारी स्पॉन्सर यादीत, म्हणजे परदेशी कामगार आणायची परवानगी असलेल्या कंपन्यांच्या यादीत होती. नव्हतं ते फक्त काम. करारात आठवड्याचे ३९ तास लिहिले होते. आल्यावर थोडं ट्रेनिंग झालं, मग आठवड्यातून एखादी शिफ्ट, तीही एका म्हाताऱ्या पेशंटच्या घरून दुसऱ्याच्या घरी दोन बस बदलून, आणि प्रवासाच्या वेळेचे पैसे नाहीत. मग तेही थांबलं. "कौन्सिलचं (इथल्या नगरपालिकेचं) कॉन्ट्रॅक्ट येतंय, प्रार्थनेत राहा," एवढंच उत्तर. राहायला त्यानेच दिलेली एक खोली, घरात आमच्यासारखीच आणखी जोडपी, आणि भाडं दर आठवड्याला त्याच्याच हातात.

यातला सगळ्यात घाणेरडा प्रकार पगाराचा. पे-स्लिपवर पूर्ण ३९ तास दाखवायचे, पगार खात्यावर जमाही व्हायचा, आणि संध्याकाळी फोन यायचा की एवढी रक्कम 'टॅक्स अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून परत पाठवा. सरकारी तपासणीत सगळं व्यवस्थित दिसावं म्हणून केलेला हा खेळ. असं कोणी सांगितलं तर समजा की तुमच्या नावावर खोटी नोंद तयार होते आहे. मिस्टरांनी नकार दिला. त्यावर सासऱ्यांना नगरला फोन गेला, "चेक बँकेत टाकू का?"

पुढे कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स गेलं आणि मला होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं पत्र आलं: ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. मिस्टर एका वेअरहाउसमध्ये कामाला लागले होते, पण त्यांचा व्हिसा माझ्या व्हिसावर अवलंबून. माझा गेला की त्यांचाही जाणार. आणि याच दिवसांत तो माणूस पुन्हा आला, नवी कंपनी घेऊन, पाच हजार पौंडांत. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायचं, ही त्याची ठरलेली पद्धत. त्या घरातल्या एका जोडप्याने दिले. त्यांची ती दुसरी कंपनीही तशीच निघाली.

आम्ही गेलो जवळच्या चर्चमध्ये. ओळख कुणाचीच नव्हती. तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं, पे-स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी-शेजारी मांडून परत पाठवलेल्या एकेका रकमेवर पेन्सिलने खूण केली, आणि आम्हाला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ऑफिसात घेऊन गेली. ही लोकांना फुकट सल्ला देणारी संस्था आहे. तिथून नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार मिळाला. इथे नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, हेही तिथेच कळलं. आमच्यासारख्या अडकलेल्या केअर वर्करांना दुसरीकडे काम मिळवून देण्यासाठी सरकारी पैशावर चालणारी केंद्रं होती. त्यांच्यामार्फत मला एका नर्सिंग होममध्ये स्पॉन्सरशिप मिळाली, एक पौंडही न देता.

इंग्लंडातल्या कुठल्याही कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं तर कंपनीज हाउसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणी ऑफिसच्या साइटवर नाव टाका. फुकट आहे. कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, हिशेब भरलेत का, सगळं दिसतं. आमची कंपनी जेमतेम काही महिन्यांची होती, एकच संचालक, आणि पत्ता एका राहत्या घराचा. केअरची कंपनी असेल तर केअर क्वालिटी कमिशनच्या (केअर कंपन्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर तिची नोंदणी आणि तपासणीचा अहवाल पाहा. स्पॉन्सर यादीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका.

इथे येऊन अडकला असाल तर पे-स्लिप, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याच्या नोंदी यातलं काही पुसू नका. 'पोलिसांत गेलात तर तुम्हालाच परत पाठवतील' ही धमकी आम्हालाही मिळाली होती. आम्ही तक्रार केली आणि आजही इथेच आहोत. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका.

आणि पाळकसाहेबांना, मंडळीच्या पंचांना हात जोडून विनंती आहे. परदेशी नोकरीबद्दल बोलणाऱ्या पाहुण्याला सभेत उभं करण्याआधी त्याचा परवाना मागा. आमच्या सभेत त्याला बोलायला उभं केलं म्हणून लोकांनी दागिने मोडले, जमिनी गहाण टाकल्या. सासऱ्यांनी बँकेत लेखी देऊन चेक थांबवले आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, सोबत वहीच्या पानाचा तो फोटोही जोडला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. आमच्याच मंडळीतली आणखी काही कुटुंबं फसली आहेत, पण बदनामीच्या भीतीने गप्प आहेत. त्यांनीही तक्रार द्यावी, सासरे त्यांच्याबरोबर ठाण्यात यायला तयार आहेत.