‘गाडी बंद आहे’ : दस्तुरी नाक्यावर ऐकलेले एक वाक्य

मुंबईहून सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येईल असे थंड हवेचे ठिकाण कोणते, असे विचारले तर आमच्या घरात माथेरानखेरीज दुसरे उत्तर कधी निघाले नाही. फेब्रुवारी २०२५ मधल्या दुसऱ्या शनिवारी मी, माझी आई आणि इंदूरहून आलेली माझी मावशी अशा तिघी तिथे गेलो, आणि ज्या पैशांत दोन दिवस मुक्काम झाला असता तेवढे पैसे पाच तासांत घालवून परत आलो. रकमेचे दुःख आता उरलेले नाही. पण ज्या पद्धतीने ते पैसे गेले ती पद्धत इतकी साधी आहे की तिला कुणीही बळी पडावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते आणि सहलीचेही वेळापत्रक कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. सहाच्या सुमाराची कर्जत लोकल दादरला पकडायची, आठच्या आसपास नेरळला उतरायचे, टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर पोहोचायचे, तिथून मिनी ट्रेनने माथेरानच्या बाजारात जायचे, आईच्या इच्छेप्रमाणे शार्लोट तलावाकाठच्या पिसारनाथाचे दर्शन घ्यायचे, दुपारी जेवून थोडी चिक्की घ्यायची आणि चारच्या आत परतीला लागायचे, असा तो बेत होता. नेरळहून थेट वर जाणाऱ्या छोट्या गाडीत शनिवारी तीन जागा मिळतील याचा भरवसा नव्हता, शिवाय तिला अडीच तासांच्या वर लागतात. म्हणून तो विचार मी आधीच सोडून दिला होता. कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे वेळ होती. फक्त दस्तुरीपुढे ‘मिनी ट्रेन’ एवढेच लिहिले होते, कारण ती तिथे उभीच असणार असे मी गृहीत धरले होते. पुढे जे झाले ते सगळे त्या एका न लिहिलेल्या वेळेमुळे झाले.

ज्यांनी माथेरान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी इथली रचना सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणूक या रचनेवरच उभी आहे. माथेरानमध्ये मोटारींना मनाई आहे. नेरळहून येणारा सात-आठ किलोमीटरचा घाटरस्ता दस्तुरीच्या वाहनतळाशी संपतो आणि गाडी कितीही मोठी असली तरी प्रत्येकाला तिथे पायउतार व्हावेच लागते. तिथून बाजार अडीच ते तीन किलोमीटर. जायला चार मार्ग आहेत : लाल मातीच्या वाटेने रुळांच्या कडेकडेने चालत जावे, त्याला पाऊण तास पुरतो; नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर अमन लॉज नावाचे स्थानक आहे, तिथून माथेरान स्थानकापर्यंत रेल्वेची शटल गाडी धावते; २०२२ च्या अखेरीपासून ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत, मात्र त्या वेळी त्या मोजक्याच होत्या; आणि चौथा मार्ग घोड्याचा. वाहनतळावर उतरणाऱ्या माणसाला मात्र या चारांपैकी फक्त घोडे दिसतात. स्थानक झाडांआड आहे, आणि ते आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुरते ते नाहीच.

आमच्या बाबतीत सुरुवात दस्तुरीच्याही आधी झाली. घाटातल्या एका वळणावर टॅक्सीचालकाने आपणहून विषय काढला. “आजींना घेऊन चाललात, पण वर गाडी आज बंद आहे म्हणे,” असे तो सहज बोलावे तसे बोलला आणि पुन्हा गप्प झाला. त्याचा पुढच्या प्रकाराशी संबंध होता की नाही, हे मी खात्रीने सांगणार नाही. त्यानेही कुणाकडून तरी ऐकले असेल. परंतु खाली उतरताच एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी जवळजवळ तेच वाक्य उच्चारले : “ताई, गाडी बंद आहे. रूळ उखडलेत.” एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती खरीच असणार, असा हिशेब मी मनात केला. ती दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत हे मला कुणी सांगितले होते, हा प्रश्न मात्र त्या वेळी सुचला नाही.

शिवाय या वाक्यामागे जुन्या खऱ्याचा आधार होता. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने सुरू केलेला, रुळांमध्ये जेमतेम दोन फुटांचे अंतर असलेला हा रेल्वेमार्ग अनेकदा बंद पडलेला आहे. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत तो वाहून गेला, २०१६ मध्ये डबे घसरल्यानंतर गाडी थांबवली गेली, आणि २०१९ च्या पावसात रुळांची इतकी हानी झाली की नेरळहून वर जाणारी गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. आम्ही मुंबईकरांनी ‘माथेरानची गाडी बंद’ ही बातमी इतक्या वेळा वाचली आहे की ती ऐकून नवल वाटत नाही. निव्वळ थाप असती तर मी एकदा तरी तपासून पाहिली असती.

त्या गृहस्थांनी पुढे एकेक दार आपल्याच हाताने लावून घेतले. ई-रिक्षाबद्दल विचारले तेव्हा ती फक्त शाळेच्या मुलांसाठी आणि गावातल्या लोकांसाठी आहे असे उत्तर मिळाले. चालत जातो म्हटले तर दोन तास लागतील, आईंचे गुडघे राहणार नाहीत, असे सांगितले. आईच्या गुडघ्यांची व्यथा त्यांना कशी कळली, तर ती टॅक्सीतून उतरताना “अगं बाई” म्हणून कमरेला हात लावून उभी राहिली होती ते त्यांनी पाहिले होते. मग अगदी घरच्या माणसासारखे म्हणाले, “माणशी आठशे द्या, बारा पॉइंट आरामात दाखवतो.” मी एकटीने चालत येते असे सुचवले, तेव्हा घोड्यांच्या वाटेवर चालणाऱ्यांना सोडत नाहीत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. तीन घोडे ठरले. दर एकदाच तोंडी बोलला गेला. त्यात काय येते आणि काय येत नाही हे मी विचारले नाही; चोवीसशे रुपयांचे साधे बिलसुद्धा कार्यालयात मी दोनदा वाचते.

दहा-बारा मिनिटे गेली असतील तेव्हा झाडीतून भोंगा ऐकू आला. इंजिनाचा भोंगा ओळखायला रेल्वेचा अभ्यास लागत नाही. मावशी घोड्यावरून वळून म्हणाली, “ही कसली गाडी?” लगाम धरून चालणारा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ती मालगाडी आहे.” थोड्या वेळाने झाडांच्या फटीतून ती मालगाडी दिसली. तिच्या खिडकीतून पिवळी टोपी घातलेला एक लहान मुलगा आम्हाला हात हलवून दाखवत होता. मावशीने त्याला उलट हात केला. मी गप्प राहिले. त्या क्षणी उतरून परत फिरणे शक्य होते, पण दोन म्हाताऱ्या बायका घोड्यावर बसलेल्या, पुढची वाट अनोळखी आणि आपण फसलो हे त्यांच्यासमोर कबूल करण्याची लाज, या तिन्हींनी मिळून माझे तोंड बंद ठेवले. फसवणूक ओळखल्यानंतरही माणूस ती पुढे का चालू देतो, हे मला त्या दिवशी कळले.

बारा पॉइंटांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खंडाळा, अलेक्झांडर आणि रामबाग ही नावे मला ओळखू आली. बाकीच्या जागा म्हणजे एकाच कड्यावर वीस पावले सरकून पाहिलेले तेच दृश्य होते, आणि त्या प्रत्येक जागेला त्या मुलाकडे वेगळे नाव होते. सहा पॉइंट झाल्यावर घोडे बाजाराच्या दिशेने वळले. शार्लोट तलावाचे विचारले तर तिकडची वाट बंद आहे असे कळले. आईने त्यावर काही म्हटले नाही, पर्समध्ये पिसारनाथासाठी आणलेली खडीसाखरेची पुडी तिने पुन्हा आत सरकवली.

खरा हिशेब बाजाराच्या तोंडाशी झाला. मघाचे गृहस्थ तिथे आधीच हजर होते. माणशी आठशे हे फक्त दस्तुरी ते बाजार एवढ्याचे, पॉइंटाचे दोनशे वेगळे. म्हणजे सहा पॉइंटांचे बाराशे, एका घोड्याचे दोन हजार आणि तीन घोड्यांचे सहा हजार. घोड्यांच्या चण्यांचे शंभरप्रमाणे तीनशे निराळे. मी दरफलक दाखवा म्हटले तर “तो जुना आहे” हे उत्तर आले. पावती मागितली तर आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. आवाज कुणीच चढवला नाही. फक्त आमच्याभोवती माणसे वाढत गेली आणि आई हळूच म्हणू लागली, “दे गं, देऊन टाक, मला बसू दे कुठे तरी.” शेवटी रोख पाच हजारांवर तोडपाणी झाले. लगाम धरून तीन तास धुळीतून धावलेल्या त्या मुलाच्या हातात यातले किती पडतील असे मी जाता जाता त्याला विचारले. घोडा त्याचा नव्हता, तो रोजावर होता. तो खाली मान घालून नुसता हसला. त्याच्यावर मला राग धरता आला नाही.

चिक्कीच्या दुकानात आम्ही फक्त पाणी मागितले. दुकानदार काकांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “घोड्यावरून आलात ना? गाडी बंद सांगितली?” त्यांना सगळे पाठ होते. घोड्याचा क्रमांक पाहिला होता का, असे त्यांनी विचारले. परवाना असलेल्या घोड्याला क्रमांक असतो आणि तो सांगितला तर तक्रारीला काही अर्थ राहतो. मी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले की अशी चार कुटुंबे रोज दुकानात येतात, गावाला शिव्या देतात आणि काहीही न घेता निघून जातात. त्या वेळी मला हे दुकानदाराचे रडगाणे वाटले होते. पण त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, १८ मार्च २०२५ पासून माथेरान पर्यटन बचाव संघर्ष समितीने गावात बेमुदत बंद पुकारल्याची बातमी वाचली, आणि तिचे कारण हेच होते : दस्तुरीवर पर्यटकांना खोटी माहिती देऊन त्यांची लूट केली जाते. हॉटेले आणि दुकाने ऐन हंगामाच्या तोंडावर बंद ठेवण्याची पाळी गावावर आली होती. प्रशासनाशी चर्चा होऊन तो बंद लवकरच मागे घेतला गेला. मला ऐकवलेले वाक्य माझ्यासाठी खास रचलेले नव्हते, ते दारातल्या तोरणासारखे येणाऱ्या प्रत्येकासाठी टांगलेले होते, हे त्या बातमीने पक्के झाले.

परतीला आम्ही माथेरान स्थानकातून शटल घेतली. तिघींचे मिळून दोनशे रुपयेही लागले नाहीत, आणि वीस मिनिटांत अमन लॉज आले. तिथल्या तिकीटखिडकीसमोर उभी राहून मी दस्तुरीच्या दिशेने पाहिले तेव्हा सकाळी आम्ही जिथे घोड्यावर चढलो ती जागा इतकी जवळ होती की आईसुद्धा काठी न टेकता तिथपर्यंत चालली.

दस्तुरीला उतरल्यावर कुणी काहीही सांगितले तरी, अगदी ते खरे असण्याची शक्यता असली तरी, आधी प्रवेशकर भरून अमन लॉजच्या खिडकीपर्यंत चालत जावे आणि गाडीची चौकशी तिथल्या कर्मचाऱ्याकडेच करावी. शनिवार-रविवारी रांग असते आणि एखादी फेरी हुकू शकते, म्हणून शटलच्या जाण्यायेण्याच्या वेळा घरून निघतानाच लिहून घ्याव्यात. जवळ वेळापत्रक असलेल्या माणसाला ‘गाडी बंद’ सांगणे अवघड जाते. घोड्यावर बसण्याची हौस असेल तर जरूर बसावे, अनेक कुटुंबांचे पोट त्यावर चालते आणि सरळ व्यवहार करणारे घोडेवालेही पुष्कळ आहेत. पण आपण बाजारात पोहोचल्यावर, दोन-तीन ठिकाणी दर विचारून मगच घोडा ठरवावा, कोणकोणत्या जागा पाहायच्या त्यांची नावे आपण सांगावीत, एकूण रक्कम सर्वांसमोर मोठ्याने वदवून घ्यावी आणि चढण्यापूर्वी घोड्याच्या क्रमांकाचे छायाचित्र काढावे. टॅक्सीत बसताना मिळालेल्या फुकट माहितीला उत्तर देऊ नये. आणि बरोबर वयस्कर माणसे असतील तर वाटेत भोंगा ऐकू आल्याबरोबर उतरावे, लाज वाटली तरी उतरावे. माझे निदान साडेतीन हजार त्या एका लाजेपायी गेले.

मावशी इंदूरला परतली तरी शटलला अजून मालगाडीच म्हणते. परवा फोनवर तिने विचारले की जुलैत आले तर पावसातही ती मालगाडी चालू असते का. मी सांगितले की नेरळहून वर जाणारी पावसाळ्यात बंद ठेवतात, पण अमन लॉजपासून बाजारापर्यंतची चालते. त्यावर ती म्हणाली, “मग वेळा विचारून ठेव. आणि खडीसाखर मी इथूनच आणते.”