एचपी५ प्लस: माणसाच्या जवळ जाऊन काढायच्या फोटोंसाठी

इलफर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही फिल्म मी बरीच वर्षं एकाच कामासाठी वापरते आहे, माणसांचे जवळून काढलेले कृष्णधवल फोटो. रस्ते, इमारती, डोंगर यांच्यासाठी ती कशी आहे, ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं. मला हवे असलेले फोटो चेहऱ्यावरचा पहारा जरा सैल झाल्यावरच मिळतात. आजारातून उठलेला माणूस असतो, कुणाला तरी नुकतंच गमावलेली बाई असते, बऱ्याच काळानं एकमेकींसमोर बसलेल्या दोन बहिणी असतात. अशा वेळी माझं लक्ष कॅमेऱ्यात अडकलं, की समोरच्याला ते लगेच कळतं आणि तो मिटून जातो. एचपी५ माझं लक्ष स्वतःकडे फारसं मागत नाही. माझ्या लेखी तिचा सगळ्यात मोठा गुण हाच.

आधी थोडी माहिती. ही ४०० आयएसओची फिल्म आहे. आयएसओचा आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात फिल्मचं भागतं. सध्याची 'प्लस' आवृत्ती १९८९ साली आली. ३५ मिमी, १२० आणि शीट फिल्म अशा तिन्ही आकारांत ती मिळते. ४०० आयएसओमुळे घरातल्या खिडकीच्या उजेडात काम भागतं. ८५ मिमीच्या लेन्सवर छिद्र एफ/२ आणि शटर १/१२५ सेकंद धरलं, की बहुतेक वेळा स्टँडही लागत नाही आणि फ्लॅशही. फ्लॅश मी या फोटोंना लावतच नाही. दर काही सेकंदांनी डोळ्यांवर लख्ख उजेड पडत असेल, तर कोण मोकळं बोलेल?

खरी गंमत आहे ती तिच्या सोशिकपणात. उजेड मोजणारा मीटर समोरची कुठलीही गोष्ट मध्यम करडी आहे असं धरून चालतो. त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर तो गरजेपेक्षा जास्त उजेड मागतो आणि गोऱ्या चेहऱ्यावर कमी. काही फिल्म अशी चूक पदरात घालत नाहीत. एचपी५ मात्र दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड पडला तरी कपाळावरचे आणि गालावरचे बारकावे सोडत नाही. उजेड कमी पडला तर तिचंही काही चालत नाही, सावल्या रिकाम्या होतात. म्हणून मी सुरुवातीला एकदाच, चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूचं माप घेते आणि त्या सावलीत तपशील राहील इतपत उजेड धरते. मग मीटर बाजूला. मधेच ढग आला आणि गेला तरी मी काही बदलत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघत ऐकत राहता येतं.

माझ्या काकांचे फोटो काढले तेव्हा हे फार कामी आलं. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. ओठाचं डावं टोक खाली ओढलं गेलंय आणि डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावरच थांबते. आल्या आल्या त्यांनी खुर्ची स्वतःच फिरवली आणि उजवी बाजू माझ्याकडे करून ताठ बसले. मी काही बोलले नाही. दोन-तीन फोटो झाल्यावर म्हणाले, "झालं ना?" मी म्हटलं, "बसा ना काका, रोल अजून पुष्कळ आहे." डिजिटल असतं तर पहिल्याच फोटोला "दाखव बघू" झालं असतं. तो छोटा पडदा बघून त्यांनी चेहरा आणखी आवरून धरला असता. इथं बघायला काही नव्हतंच. मी लिव्हर ओढत होते आणि ते बोलत होते. बोलता बोलता दाढीचा विषय निघाला. डाव्या गालाला ब्लेड लागलेलं कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपून बघावं लागतं, तरी जबड्याखाली थोडे केस राहतातच. "हे बघ, इथं," असं म्हणत त्यांनी तो गाल खिडकीकडे वळवला आणि त्यावर बोटं टेकवली. मी बटण दाबलं. त्यांनी आवाज ऐकला, हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "घे गं, हीही बाजू असू दे."

त्या निगेटिव्हची प्रिंट मी भिंग लावून पाहिलीय. पांढरे खुंट खिडकीच्या उजेडात असूनही जळलेले नाहीत, एकेक वेगळा दिसतो. खालच्या पापणीच्या कडेला ओलसर चमक आहे. पलीकडच्या कानाच्या पाळीची घडी सावलीत आहे, तरी हरवलेली नाही. बोटांच्या टोकांशी गाल किंचित दबलाय, तेही कळतं. ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, दिसतो, पण तो त्वचेत मिसळतो, तिच्यावर भुरभुरल्यासारखा वाटत नाही. डेल्टा ४०० ही फिल्म याहून तलम आहे, त्याच कंपनीची आणि तीही ४०० आयएसओची. तिच्यावर काढलेले चेहरे मला जास्त घासूनपुसून ठेवलेले वाटतात. हा आवडीचा भाग झाला. कोडॅकची ट्राय-एक्स माझ्या हातून काळी-पांढरी जास्त ठसठशीत उतरते आणि नाट्यमय चेहऱ्यांना ती शोभतेही. काकांच्या चेहऱ्याला मला नाट्य नको होतं.

लेन्सवर लावायच्या नारिंगी फिल्टरबद्दलही सांगायला हवं. तो लावला, की लालसर डाग फिके पडतात आणि त्वचा गुळगुळीत होते. ज्यांना तसं हवंय त्यांनी जरूर लावावा. पण तो उजेड बराच खातो, आणि माझा अनुभव असा, की डागांबरोबर माणसाचं वयही थोडं पुसलं जातं. मी लावत नाही.

डेव्हलपिंग सोपं आहे. मी आयडी-११ हे डेव्हलपर समभाग पाण्यात मिसळते, २० अंशांना १३ मिनिटं. सुरुवातीचे दहा सेकंद टाकी चार वेळा उलटीपालटी करायची आणि पुढे प्रत्येक मिनिटाच्या आरंभी तेच. निगेटिव्ह मऊ, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी असलेल्या येतात आणि त्यांची प्रिंट सहज निघते.

आता उणिवा. पहिल्यांदा स्कॅन केलेला फोटो बघून निराशा होण्याची शक्यता आहे. सगळं करडं, मरगळलेलं दिसतं. कॉन्ट्रास्ट तुम्हाला नंतर द्यावा लागतो, कागदावर फिल्टरनं किंवा स्कॅनमध्ये कर्व्हनं. तेवढी मेहनत नको असेल तर ही फिल्म नको. दुसरं म्हणजे १६०० ला पुश करून, म्हणजे कमी उजेडात फोटो काढून आणि जास्त वेळ डेव्हलप करून, ती चालते हे खरं, कंपनी तर ३२०० पर्यंतची वेळ देते. पण तिथं चेहऱ्याची अंधारी बाजू काळ्यात बुडते. मैफिलीतल्या गायकाला ते चालून जाईल. अर्ध्या सावलीत बसून काही सांगणाऱ्या माणसाची ती अर्धी बाजू मला हवी असते, म्हणून मी ४०० सोडत नाही. उजेड कमी झाला की थांबते.

फिल्मच्या बाहेरचं पण या कामातलंच एक सांगते. १९३६ साली अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्या बाईंचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्यांनी हा फोटो काढला गेला नसता तर बरं झालं असतं असं सांगितलं. मला तो फोटो थोर वाटतो, आणि त्यांचं म्हणणंही पूर्ण पटतं. कुणी विश्वासानं चेहरा मोकळा केला, तर त्या फोटोवर आपल्याइतकाच त्याचाही हक्क आहे. फिल्ममुळे इथं आपोआप एक सोय होते. फोटो काढणं आणि तो कुणाला दाखवणं यात काही दिवस जातात, आणि त्या दिवसांत माणसाला विचार करता येतो. प्रिंट मी आधी त्याच्याच हातात देते आणि विचारते. काका म्हणाले, "घरात लाव, बाहेर नको. लिहायचं तर लिही." त्यामुळे इथं वर्णन आहे, फोटो नाही.

घ्यावी का? खिडकीच्या उजेडात, हळूहळू, एकाच माणसासोबत तासभर बसायची तयारी असेल तर नक्की घ्या. पहिला रोल ४०० लाच वापरा, पुशच्या नादी लागू नका. धावत्या लहान मुलांसाठी किंवा त्याच संध्याकाळी फोटो हवे असणाऱ्यांसाठी ही नव्हे. आणि तुमची लॅब फक्त रंगीत फिल्मची सी-४१ प्रक्रिया करत असेल, तर एचपी५ चुकूनही तिथं देऊ नका, रोल वाया जाईल. अशा लॅबसाठी इलफर्डचीच एक्सपी२ सुपर आहे. तीही ४०० ची, तीही कृष्णधवल, आणि ती सी-४१ मध्येच धुतली जाते.