मुंबई ते हाँगकाँग डिस्नेलँड : रात्रीचे विमान आणि पोहोचण्याचा दिवस

मुलांच्या सुट्टीत परदेशातील एखादे थीम पार्क पाहायचे ठरले, की घरातील बहुतेक चर्चा राइड्सवर आणि हॉटेलच्या छायाचित्रांवर होते. विमान कोणते घ्यायचे आणि उतरल्यानंतरचा पहिला दिवस कसा काढायचा, हा भाग बहुधा पॅकेज विकणाऱ्यावर सोडून दिला जातो. हाँगकाँग डिस्नेलँडच्या बाबतीत तरी तसे करू नये, असे माझे मत आहे. आजी-आजोबा, आम्ही दोघे आणि दोन मुले असा आमचा गोतावळा होता, आणि हे परीक्षण उद्यानाचे नसून मुंबईत सामान बांधल्यापासून हॉटेलच्या खोलीची किल्ली हातात पडेपर्यंतच्या प्रवासाचे आहे.

पहिल्या दिवसाच्या दृष्टीने या ठिकाणाचे मोठे बलस्थान म्हणजे त्याचा भूगोल. हाँगकाँगचे सध्याचे विमानतळ १९९८ साली चेक लॅप कॉक येथे, लांताऊ बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागून सुरू झाले आणि १२ सप्टेंबर २००५ रोजी उघडलेले डिस्नेलँडही त्याच लांताऊ बेटावर, पेनीज बे येथे आहे. त्यामुळे मुख्य शहरात पाऊल न ठेवता, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांत विमानतळावरून हॉटेलच्या दारात पोहोचता येते. पॅरिसला उतरल्यावर विमानतळ ते उद्यान हा स्वतंत्र प्रवास करावा लागतो, आणि ऑरलँडोला तर मुंबईहून थेट विमानच नाही. गुडघे दुखणारे ज्येष्ठ आणि पेंगुळलेले मूल बरोबर असताना ही जवळीक किती मोलाची ठरते, हे वेगळे सांगायला नको.

मात्र हीच जवळीक पाहून अनेक पॅकेजमध्ये ‘पहिला दिवस : आगमन आणि दुपारी डिस्नेलँड’ असा कार्यक्रम छापलेला असतो. आम्हालाही एका पॅकेजवाल्याने तो मोठ्या उत्साहाने सुचवला होता. उद्यान जवळच आहे तर दिवस कशाला वाया घालवायचा, असा त्याचा सवाल होता. हिशेब मांडून पाहिला की त्यातील खोट लक्षात येते. मुंबईहून सुटणारे थेट विमान मध्यरात्रीनंतर निघते, प्रवास साधारण साडेपाच-सहा तासांचा असतो, आणि त्यातून उड्डाणाचा गोंधळ, खाणे-पिणे व उतरण्यापूर्वीची जागवाजागव वजा केली की मुलाच्या वाट्याला जेमतेम चार तासांची झोप उरते, तीही बसल्या बसल्या. हाँगकाँगचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने सकाळी उतरलो तरी शरीराच्या लेखी ती पहाटच असते. उद्यानाचे तिकीट ठरावीक तारखेचे असते; दुपारी तीनला आत गेलात म्हणून ते अर्ध्या किमतीत मिळत नाही. शिवाय उद्यानातील सर्वांत देखणी गोष्ट, म्हणजे किल्ल्यावर रोषणाई, कारंजी आणि आतषबाजी यांनी रंगणारा ‘मोमेंटस’ हा कार्यक्रम, रात्री अगदी शेवटी होतो आणि नेमक्या त्याच वेळी मूल खांद्यावर गाढ झोपलेले असते. म्हणून पहिल्या दिवशी उद्यान नको, यावर मी ठाम आहे.

दुसऱ्या दिवसापासून मात्र हाच अडीच तासांचा फरक आपल्या बाजूने काम करतो. तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे मुलांच्या अंगवळणी पडलेले संध्याकाळचे सहा, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमापर्यंत ती टवटवीत राहतात. सकाळी उठवणे तेवढे जड जाते; पण उद्यान बरेचदा साडेदहाच्या सुमारास उघडते, म्हणजे आपल्या हिशेबाने आठ वाजता, तेव्हा फार ओढाताण होत नाही.

विमानाची निवड करताना थेट विमानाला माझे झुकते माप आहे. बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जाणारी तिकिटे अनेकदा स्वस्त दिसतात आणि दोघेच प्रवासी असतील तर ती जरूर घ्यावीत. परंतु सहा जणांना, त्यात वयस्करांना, मध्यरात्री चढवून पहाटे अनोळखी विमानतळावर उतरवायचे, पुन्हा सुरक्षा तपासणीतून न्यायचे आणि दुसऱ्या विमानात बसवायचे, यात वाचलेल्या पैशांपेक्षा अधिक शक्ती खर्च होते. आम्ही कॅथे पॅसिफिकचे थेट विमान घेतले. त्याची वेळ गैरसोयीची आहे, हे मान्य करावे लागेल. सहा जणांच्या भाड्यातला फरकही नजरेत भरण्याइतका होता. तरीही एका झोपेत प्रवास संपतो, आणि सामान वाटेत कुठे अडकण्याची धास्ती राहत नाही.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची एक खोच तिकीट काढण्यापूर्वीच समजून घ्यावी. तिकिटावर शनिवारची तारीख आणि रात्री पाऊण-एकची वेळ असेल, तर घरातून शुक्रवारी संध्याकाळी निघायचे असते. रजेचा अर्ज, गाडीचे आरक्षण आणि हाँगकाँगमधील हॉटेलची पहिली रात्र, या तिन्ही ठिकाणी तारखांची गफलत होऊ शकते. पुण्याहून येणाऱ्यांसाठी तर शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे द्रुतगती मार्गावरील घाटातली कोंडी. विमानाच्या आठ तास आधी पुणे सोडले तरी ते लवकर म्हणता येणार नाही. मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलवर एक तास जास्त बसावे लागले तर बिघडत नाही. मुलांना घरचा दहीभात किंवा थालीपीठ तिथेच खाऊ घालून टाकावे, कारण विमानातले जेवण अपरात्री येते आणि तोवर ती झोपलेली बरी.

जेवणाबद्दल सांगायचे तर एशियन व्हेजिटेरियन किंवा जैन जेवण किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते आणि ते प्रत्येक प्रवाशाच्या नावाने स्वतंत्रपणे नोंदले गेले आहे ना, हे पुन्हा तपासावे. आमच्या विमानात खास जेवण नोंदवणाऱ्यांची ताटे इतरांच्या आधी आली, ते सोयीचे वाटले. पॉवर बँकेचा नियमही माहीत असावा. एप्रिल २०२५ पासून हाँगकाँगच्या विमान कंपन्यांच्या विमानांत पॉवर बँक वापरण्यास, चार्ज करण्यास आणि डोक्यावरील कप्प्यात ठेवण्यास मनाई आहे, म्हणून मुलांचा टॅब घरूनच पूर्ण चार्ज करून न्यावा. हाँगकाँगमधील विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असते. त्याचा अ‍ॅडाप्टर हाताशी लागेल असा ठेवावा.

वयाचे नियम मात्र सरमिसळ करणारे आहेत. विमान कंपन्या दोन वर्षांखालील बाळाला मांडीवर बसू देतात आणि त्याचे नाममात्र भाडे घेतात. उद्यानात व हाँगकाँगच्या मेट्रोत तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही आणि तीन ते अकरा वर्षांच्या मुलांना सवलतीचा दर आहे. सहलीदरम्यानच बाळाचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीच्या प्रवासात त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. दुसऱ्या टोकाला, साठ वर्षांवरील ज्येष्ठांना उद्यानाच्या तिकिटात घसघशीत सवलत आहे, आणि आजी-आजोबांना न्यावे की नाही अशा विचारात असलेल्या घरांनी ती अवश्य लक्षात घ्यावी.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाची म्हणजे आगमनपूर्व नोंदणी. २०१७ पासून भारतीय पासपोर्टधारकांना हाँगकाँगला जाण्यापूर्वी ही ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती विनामूल्य आहे, सहा महिने चालते आणि तिच्या आधारे प्रत्येक भेटीत चौदा दिवसांपर्यंत राहता येते. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाची नोंदणी वेगळी करायची असते. आपल्याकडे खरी अडचण येते ती नावाची. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे कसे लिहिले आहे, आडनाव कोणत्या रकान्यात आहे, हे पाहून अक्षर न् अक्षर तसेच भरावे लागते. नोंदणी मंजूर झाली की मिळणारी चिठ्ठी पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून न्यावी. मोबाइलवर दाखवू, असे म्हणून चालत नाही. विमानाचे तिकीट काढण्याआधीच ही नोंदणी करून घ्यावी, कारण ती नाकारली गेली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात.

हाँगकाँगला उतरल्यानंतरची व्यवस्था मला फार आवडली. फाटकापासून इमिग्रेशनपर्यंत बरेच अंतर आहे, मात्र मधे सरकते पट्टे आणि स्वयंचलित गाडी आहे. आजोबांसाठी व्हीलचेअर आधी नोंदवली होती, ती विमानाच्या दाराशी उभी होती. आगमनाचा फॉर्म भरण्याची पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे सहा जणांचे फॉर्म मांडीवर ठेवून भरण्याची कसरत वाचली. अधिकाऱ्याने परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण मागितले, दोन्ही कागदावर होते म्हणून काम पटकन झाले. इथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. राहण्याची मुदत छापलेली बोटभर चिठ्ठी देतात. ती सगळ्यांची एकत्र करून एकाच पाकिटात ठेवावी, नाहीतर मुले त्यांची विमाने करतात.

पुढे हॉटेलपर्यंत जाण्याचे दोन सयुक्तिक मार्ग आहेत. चार जणांपर्यंतच्या कुटुंबाने सरळ टॅक्सी करावी. हाँगकाँगच्या टॅक्सी लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन रंगांच्या असतात व एरवी त्यांचे विभाग ठरलेले असतात, परंतु विमानतळ आणि डिस्नेलँड या दोन्ही ठिकाणी तिन्ही चालतात. त्यांतील निळ्या, म्हणजे लांताऊच्या टॅक्सीचे भाडे सर्वांत कमी. डिकीतील प्रत्येक नगाचे वेगळे पैसे लागतात, आणि रोख रक्कम जवळ असलेली बरी. सहा माणसे आणि त्यांच्या बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत. आजी-आजोबा आणि मोठ्या बॅगा यांना बाबांसह टॅक्सीने पाठवून उरलेल्यांनी रेल्वेने जावे, ही आमची वाटणी उत्तम ठरली.

रेल्वेने जाताना एक चकवा लागतो. चकचकीत एअरपोर्ट एक्स्प्रेस समोरच दिसते, पण ती डिस्नेलँडसाठी बदलायच्या सनी बे स्थानकावर थांबत नाही. तिने चिंग यीपर्यंत पुढे जाऊन उलटे यावे लागते आणि भाडेही भरपूर पडते. त्यापेक्षा एस-१ क्रमांकाच्या बसने तुंग चुंगला जावे, तिथून मेट्रोने एकच स्थानक म्हणजे सनी बे, आणि तिथून डिस्नेलँडची खास गाडी. विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घेतले की बस, मेट्रो आणि किराणा दुकान सगळीकडे तेच चालते. बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, म्हणूनही ते हवेच. सनी बेवर ती गाडी आली तेव्हा मुलांची झोप उडाली. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, उभे राहणाऱ्यांसाठी लोंबणाऱ्या कड्या तशाच, आसने दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी वळणदार आणि मधे काचेच्या पेटीत पात्रांच्या छोट्या मूर्ती. गाडीला चालक नाही. प्रवास तीन-चार मिनिटांचाच. परंतु आगमनाच्या दिवशी उद्यानाचा आनंद जेवढा हवा तेवढा या गाडीने पुरवला.

हॉटेलमध्ये खोली दुपारी तीनच्या आधी मिळेल असे गृहीत धरू नये. आमची मिळाली नाही आणि लॉबीत गर्दीही होती. सामान मात्र लगेच ताब्यात घेतात. डिस्नेची तिथे तीन हॉटेले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेले एक्स्प्लोरर्स लॉज मला सर्वांत मोकळे वाटले, तर हॉलिवूड हॉटेलचा पियानोच्या आकाराचा तलाव मुलांना आवडतो. या मधल्या तीन-चार तासांसाठी उत्तम जागा म्हणजे जवळचा इन्स्पिरेशन लेक. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, डोंगरांनी वेढलेल्या कृत्रिम तळ्याभोवती सपाट पायवाट आहे, आणि पायडलची होडी भाड्याने मिळते. आजी-आजोबा सावलीत बसले, मुले धावून दमली, आणि आम्ही डब्यातले ठेपले तिथेच संपवले. संध्याकाळी हॉटेलच्या बागेत फेरी, लवकर जेवण आणि झोप. बाकी काही ठरवू नये.

ऋतूचा विचार विमानाच्या तिकिटाबरोबरच करावा लागतो. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे दमट उकाडा आणि पाऊस असतो, आणि महिन्याच्या सुरुवातीला चीनमधील कामगार दिनाच्या सुट्टीची गर्दी. वादळांचा काळ उन्हाळ्यापासून शरदापर्यंत असतो आणि आठ क्रमांकाचा इशारा लागला की विमानांचे वेळापत्रक कोलमडते, उद्यानातही बरेच काही बंद होते. दिवाळीची सुट्टी त्या मानाने उत्तम. हवा कोरडी होऊ लागलेली असते आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची गर्दी ओसरलेली असते.

पैशांच्या बाबतीत माझी एक तक्रार आहे. डिस्नेच्या हॉटेलची पहिली रात्र, जेव्हा उद्यानात जायचेच नाही, ती महाग वाटते. ज्यांना काटकसर करायची आहे त्यांनी पहिली रात्र तुंग चुंगमध्ये काढावी. तिथे स्थानकाला लागून सिटीगेट हे मोठे खरेदी संकुल आहे, खाण्याची चंगळ आहे आणि दुसऱ्या दिवशी सनी बे एकाच स्थानकावर. तिथून नऊच्या सुमारास निघून सामान डिस्नेच्या हॉटेलात ठेवले, तर उद्यान उघडताना फाटकाशी उभे राहता येते आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ फ्रोझन’कडे रांग वाढण्यापूर्वी पोहोचता येते. आजी-आजोबा बरोबर असतील तर मात्र ही हॉटेलांची अदलाबदल टाळून जास्तीचे पैसे मोजावेत.