नावाच्या डाय-कास्ट गाड्या करून घेताय? आधी कच्चं कास्टिंग मागा. आमचे ४,९९,००० रुपये गेलेत

उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, निपाणी, चिकोडी या बेळगावकडच्या पट्ट्यातल्या ज्या कारखानदारांना, डीलरांना, पतसंस्थांना दसरा-दिवाळीसाठी "तुमच्या नावाची खेळण्यातली गाडी, खास तुमच्यासाठी डाय काढून" असं कोटेशन आलं असेल, त्यांनी पैसे सोडण्याआधी हे वाचावं. आमच्या फर्मचे ४,९९,००० रुपये त्यात गेले. बदल्यात काय आलं, तर बाजारात पंचवीस-तीस रुपयांना मिळणारी ६४० प्लॅस्टिकची खेळणी.

ऑर्डर साधी होती. १:६४ मापाची, म्हणजे साधारण तीन इंची लॉरी, २,००० नग. दोन्ही फाळक्यांवर फर्मचं नाव, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. खंडेनवमीला डीलरांना द्यायची. कोटेशन असं: डाय, म्हणजे धातू ओतायचा पोलादी साचा, २,१०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,४७,८००. नग १३५ रुपये, त्याचे २,७०,०००, त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी ३२,४००, म्हणजे ३,०२,४००. डायची निम्मी रक्कम १,२३,९०० ऑर्डरसोबत. सॅम्पल पास झाल्यावर उरलेली निम्मी १,२३,९०० आणि नगांचे निम्मे १,५१,२००. "माल पॅक झाला, गाडी लागली आहे" म्हणून आणखी १,००,०००. सगळं एनईएफटीने, सगळ्याची नोंद आहे.

आता सॅम्पलबद्दल, कारण सगळा खेळ तिथे झाला.

खऱ्या डायमधून निघालेला पहिला नग कधीही देखणा नसतो. तो राखाडी, बिनरंगाचा येतो. गेट (धातू आत शिरायची वाट) तोडल्याची खूण असते, पार्टिंग लाइनवर, म्हणजे डायचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅशची (बाहेर आलेल्या धातूची) पातळ पापडी असते, आतल्या बाजूला नग ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे असतात. केबिनच्या बारीक खांबाशी कोल्ड शट असतो, म्हणजे धातूचे दोन प्रवाह तिथे भेटेपर्यंत गार होतात आणि केसासारखी रेघ राहते. हे सगळं बघून डायचं तापमान, गेटची जागा, व्हेंट (हवा निघायची वाट) दुरुस्त करतात आणि मग रंगाचा विषय निघतो. आम्हाला आलेलं सॅम्पल मात्र थेट पांढरंशुभ्र, चकाचक, खिडकीत काच बसवलेलं, दोन्ही फाळक्यांवर नाव छापलेलं होतं. बिनरंगाचा एक नग मागितला, तर उत्तर आलं, "साहेब, तुम्हाला फायनलच दाखवतोय की, कच्चा बघून काय करणार?"

ती गाडी उलटी केली की तळाच्या पत्र्याला दोन बारीक स्क्रू. या खेळण्यांत सहसा स्क्रू नसतो. बॉडीलाच आतून दोन खुंट ओतलेले असतात, ते तळाच्या भोकांतून बाहेर येतात आणि त्यांचं डोकं दाबून रिव्हेट करतात. एकदा बसवली की गाडी उघडायची नाही, हाच त्यामागचा हेतू. स्क्रू दिसला याचा अर्थ बहुधा कुणीतरी बाजारातली तयार गाडी घेऊन रिव्हेट ड्रिलने उडवला, बॉडी सोडवून रंगवली आणि खुंटात आटे पाडून परत आवळली. तळाच्या मधोमध, जिथे मूळ कंपनीचं नाव आणि देश उठावात असतो, तिथे कानसेच्या रेघा होत्या. पुढच्या चाकाच्या कमानीत, आपल्या पांढऱ्या रंगाच्या खाली, जुन्या लाल रंगाची नखाएवढी कड दिसत होती. कानस ज्यांच्या हातात रोज असते त्या माणसांच्या टेबलावर ही गाडी पडून होती. त्या लाल कडेवर नख फिरवलं असतं तर २,७५,१०० रुपये त्या दिवशी खात्यातून सुटले नसते.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण "तुम्ही ओतकामातले असून फसलात कसे" हे ऐकून कान किटले आहेत. आमचं काम बिडाचं, वाळूच्या साच्यातलं: हब, ब्रेक ड्रम. बीड तेराशे-चौदाशे डिग्रीला ओततात. ही खेळणी झॅमॅक-३ ची, म्हणजे झिंकमध्ये सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, ती सव्वाचारशेच्या आसपास दाबाने मारतात. यंत्र वेगळं, डाय वेगळी, दोषही वेगळे. शिवाय स्क्रूचं कारण त्या माणसाने असं दिलं की ते खरं वाटावं: "सॅम्पल सोडून बघायला लागतं म्हणून स्क्रू, प्रॉडक्शनला रिव्हेट." असं करतातही. पंचवीस दिवसांत डाय कशी, विचारलं तर म्हणाला मोल्ड बेस, म्हणजे डायची चौकट, तयार आहे, फक्त आतले आकाराचे तुकडे, इन्सर्ट, बदलायचे. हेही करतात. ही माणसं धंद्याची भाषा शिकून येतात. अडाण्यापेक्षा अर्धं कळणारा ग्राहक त्यांना बरा.

डायचा फोटो आला होता, त्यात शॉट स्लीव्ह (धातू डायमध्ये ढकलणारी नळी) स्पष्ट दिसत होती. म्हणजे कोल्ड चेंबर मशीन, ॲल्युमिनियमचं. झिंकच्या एवढ्याशा खेळण्याला हॉट चेंबर लागतं, ज्याचं गूजनेक, म्हणजे धातू उचलणारी वाकडी नळी, वितळलेल्या धातूतच बुडालेलं असतं. फोटो दुसऱ्याच कुणाच्या कारखान्याचा. फोटोवर विसंबू नका. व्हिडिओ कॉलवर मशीनला चढवलेली डाय उघडायला लावा, तिच्यावर तुमच्या फर्मचं नाव कोरलेलं दाखवायला लावा आणि समोर एक शॉट मारायला, म्हणजे एक नग ओतायला, लावा. जमत नाही म्हणाला तर पैसेही जमत नाहीत म्हणा.

एच-१३ पोलादाची डाय नव्याने काढायची तर डिझाइन, सीएनसी, ईडीएम (ठिणगीने कोरणं), हीट ट्रीटमेंट, पॉलिश, ट्रायल मिळून सहा ते आठ आठवडे धराच. आणि एक डाय पुरत नाही. बॉडीची वेगळी, तळाची वेगळी. काच, आतली सीट, चाकं प्लॅस्टिकची, त्यांचे इंजेक्शन मोल्ड वेगळे. आमच्या कोटेशनमध्ये नुसतं "डाय – १ सेट" होतं. प्रत्येक भाग, त्याचा माल, त्याचं वजन आणि किती कॅव्हिटी (एका डायमधले नगाचे खळगे), हे लिहून मागा. दोन हजार नगांवर २,१०,००० पसरले तर नगामागे १०५ रुपये नुसते डायचे होतात. एवढ्या थोड्या मालाला नवी डाय परवडतच नाही. ज्याच्याकडे तयार मॉडेल आहे त्याच्याकडून गाडी घेऊन फक्त पॅड प्रिंटिंग (रबरी गादीने शाई छापणं) करून घेणं हाच रास्त मार्ग. हे जो स्वतःहून सांगत नाही, त्याचा हेतू डायच्या आगाऊ रकमेवर आहे.

डाय काढलीच तर मालकी तुमची, असा करार करा. झिंकची डाय नीट जपली तर लाखो शॉट देते, ती तुमची मालमत्ता आहे.

माल आला तो असा. चार खोके, प्रत्येकी १६०, एकूण ६४०. वजन १९ ग्रॅम. पास केलेलं सॅम्पल ४१ ग्रॅम होतं. बॉडी प्लॅस्टिकची, वरून चंदेरी मुलामा. प्रिंटच्या जागी स्टिकर, तोही कडेने सुटलेला. मराठी नावातली वेलांटी उडून पुढच्या अक्षरावर बसलेली, कारण फाइल कर्व्ह न करताच, म्हणजे अक्षरांचं चित्र न करताच, कुणीतरी फॉन्ट बदलून उघडली. पॅड प्रिंटिंगला देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या. शिरोरेषा आणि जोडाक्षरं तीन इंची गाडीवर शाईने भरून जातात, म्हणून जाड फॉन्ट टाळा आणि प्रूफ छापील मागा, स्क्रीनवरचं नको. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते, चार रंगांचा लोगो "त्याच भावात" मिळत नसतो.

धातू तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बॉडी सोडवून काट्यावर ठेवा, मग मोजपात्रात पाण्यात बुडवा. झिंक मिश्रधातूची घनता ६.६, ॲल्युमिनियमची २.७, साध्या प्लॅस्टिकची एकच्या आसपास. २६ ग्रॅमची झिंक बॉडी जेमतेम ४ मिली पाणी हलवते. साडेनऊ मिली हलवलं तर ते ॲल्युमिनियम आहे. लोहचुंबकाने काही कळत नाही, झिंकला तो चिकटत नाही, चिकटला तर चाकाच्या आसाला. रंग ब्लेडने चौकटी मारून चिकटपट्टी ओढून बघा. भट्टीत रंग भाजल्यावर फोड आले असतील तर कास्टिंगमध्ये हवा अडकली आहे. भंगार झिंक वापरलं, त्यात शिसं गेलं, तर गाडी दिसायला चांगली असते आणि काही वर्षांत आतूनच तडकून चुरा होते. म्हणून मिश्रधातूचं टेस्ट सर्टिफिकेट बॅचनुसार मागा.

आणि "प्रमोशनल आहे, आयएसआय लागत नाही" हे अजिबात ऐकून घेऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे, मानक आयएस ९८७३. डीलरला दिलेली गाडी संध्याकाळी त्याच्या पोराच्या तोंडात असते. लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. आमच्या खोक्यांवर काहीच नव्हतं. ती खेळणी आम्ही एकाही मुलाच्या हाती दिलेली नाहीत, देणारही नाही.

कागदांतही खुणा होत्या. जीएसटी नंबर २७ ने सुरू, म्हणजे महाराष्ट्र. आम्ही २९, कर्नाटक. माल सीमा ओलांडून येणार तर आयजीएसटी लागतो. नगांच्या प्रोफॉर्मावर मात्र सहा-सहा टक्के सीजीएसटी, एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचा कर. लेटरहेडवर "प्रायव्हेट लिमिटेड", पण नंबरातलं सहावं अक्षर पी, म्हणजे पॅन एका व्यक्तीचा. कंपनी असती तर सी असता. बँक खातंही व्यक्तीच्या नावावर. पोर्टलवर नंबर टाकून रिटर्न भरल्याचा तक्ता कुणालाही बघता येतो. यांचे महिनोन्‌महिने रिटर्न नाहीत, त्यामुळे डायवरचे ३७,८०० आमच्या २बी मध्ये (भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट दाखवणाऱ्या तक्त्यात) कधी उतरलेच नाहीत. पन्नास हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय आला. सीमेवरून रोज गाड्या जा-ये करतात म्हणून इकडे हे कुणी बघत नाही, नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

आता तक्रारीचं. आपल्या ठाण्यात गेलं की, "पार्टी महाराष्ट्रातली, तिकडं जावा." तिकडच्या ठाण्यात, "पैसे बेळगावातून सुटले, तिथेच नोंदवा." परत आलं की अर्ज मराठीत आहे म्हणून, "कन्नडदल्ली बरकोंडु बर्री." कन्नडमध्ये करून नेला, तर हा दिवाणी व्यवहार आहे, वकील गाठा. अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यायचीच आहे. फोन-मेलवरून फसवलं तर निरोप जिथे पोचला तिथेही चौकशी होऊ शकते, हे त्याच संहितेच्या कलम २०२ मध्ये आहे. कायदा छापलेला आहे आणि टेबलापलीकडचा माणूस हद्द मोजत बसतो! सीमाभागातल्या माणसाने दोन राज्यांना कर भरणाऱ्यांशी व्यवहार करायचा आणि फसला की दोन्हीकडून हाकलून घ्यायचं, हे किती वर्षं चालणार? १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं गेलं की पैसे तुम्हीच पाठवलेत, थोडा माल आलाय, हा सायबर नव्हे. ग्राहक आयोगात गेलं तर खरेदी व्यापारी कारणासाठी, म्हणजे कायद्याने तुम्ही ग्राहक नाही. एमएसएमईचं समाधान पोर्टल विकणाऱ्याच्या थकबाकीसाठी, घेणाऱ्याला तिथे दार नाही. प्रत्येक खिडकीवर माणूस बसलेला आहे, पगार घेतो आहे आणि दुसरी खिडकी दाखवतो आहे. अर्ज द्याल तेव्हा पोचशिक्का घेतल्याशिवाय उठू नका. नाही दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे पाठवा.

एकच धागा हाती लागला. खूप तगादा लावल्यावर त्याने १,५०,००० चा चेक दिला, तो शिल्लक नाही म्हणून परत आला. बँकेचा मेमो जपून ठेवा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, मग समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फिर्याद. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही फिर्याद आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. म्हणजे चेक आपल्या बेळगावच्या खात्यात भरला असेल तर हद्दीचा वाद संपतो. म्हणून परतफेडीचा शब्द तोंडी घेऊ नका, चेकच घ्या आणि आपल्याच खात्यात भरा.

चार खोक्यांपैकी फुटलेला एकच खोका उघडलेला आहे, बाकीचे लेबलासकट बंद ठेवलेत. रंगवलेलं सॅम्पल वेगळ्या पिशवीत, स्क्रूसकट. ज्यांनी अशा कामाचा आगाऊ दिला आहे त्यांनीही सॅम्पल परत पाठवू नये, "दुरुस्त करून देतो" म्हणून मागितलं तरी. सध्या दिवाळीसाठी दुसऱ्या नावाने तेच कोटेशन खानापूर-संकेश्वरकडे फिरतंय: डाय २,१०,०००, नग १३५, पंचवीस दिवस.