पॅथॉलॉजी कुठून करावी? घाटी, अंबाजोगाई-नांदेड, खासगी महाविद्यालय की पुण्या-मुंबईचं डीएनबी

नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मराठवाड्यातल्या घराघरांत पसंतीक्रमाची यादी सुरू होते. पॅथॉलॉजी त्या यादीत दोन वाटांनी येते. काहींना मेडिसिन-रेडिओलॉजी हुकलेलं असतं, तर काहींना सेकंड एमबीबीएसपासूनच मायक्रोस्कोपची ओढ असते. वाट कोणतीही असो, क्रम मात्र बहुतेक जण शहर आणि फी बघून लावतात. सर्जरीला ते एक वेळ चालून जाईल. पॅथॉलॉजीत क्रम स्लाइडवरून लावावा. तीन वर्षांत कोणत्या स्लाइड तुमच्या डोळ्याखालून जाणार, आणि तुम्ही लिहिलेला पहिला रिपोर्ट खोडून पुन्हा लिहायला लावणारं माणूस समोर बसतं का, एवढ्या दोन गोष्टींवर पुढची तीस वर्षं ठरतात.

सगळीकडे सारखं आहे ते आधी बाजूला काढू. एमडी (विद्यापीठाची पदवी) असो वा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, रुग्णालयात राहून करायची), एमबीबीएसनंतर तीन वर्षं लागतात. प्रवेश नीट-पीजीतूनच होतो आणि थिसिस दोन्हीकडे लिहावा लागतो. तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातली सेवा, हीही दोन्हीकडे आहे. हिस्टोपॅथॉलॉजी (ऊती), सायटोलॉजी (पेशी), हेमॅटोलॉजी (रक्त), क्लिनिकल पॅथॉलॉजी, रक्तकेंद्र हा अभ्यासक्रमही कागदावर जवळपास एकच. वेगळेपण दिसायला लागतं ते ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेला नमुना बघून त्याचे तुकडे कापण्याच्या, टेबलापाशी.

घाटी

घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ सालचं. मराठवाड्याचे जिल्हे तर आहेतच, शिवाय बुलढाणा-जळगावकडचे रुग्णही इथे येतात. महाविद्यालयाला जोडून शासकीय कर्करोग रुग्णालय, म्हणजे राज्य कर्करोग संस्था आहे, आणि पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यासाठी घाटीची खरी ताकद तिथे आहे. तंबाखू-गुटख्याने आपल्या भागात तोंडाचा कर्करोग किती पसरलाय हे सांगायला नको. अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेनंतर गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेच्या गाठी असा अख्खा नमुना फॉर्मलिनमध्ये येतो. तो दिशा लावून ठेवायचा, कडांना शाई लावायची, मानेच्या प्रत्येक लेव्हलच्या गाठी वेगळ्या शोधायच्या, हाड कापता यावं म्हणून डिकॅल्सिफाय करायला टाकायचं. एजेसीसीच्या (कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीपासून टी-स्टेज, म्हणजे मूळ ट्यूमरचा टप्पा, ठरवताना ट्यूमर किती खोल गेलाय हेही मोजावं लागतं, आणि ५ मिमी व १० मिमी या दोन रेषांवर स्टेज बदलते. आडवी-तिरपी सुरी चालवून तुम्ही चुकीचा तुकडा घेतलात, तर मायक्रोस्कोपखाली ती खोली कितीही मोजा, उपयोग नाही. हे पुस्तकातून येत नाही. पन्नासावा जबडा कापताना हात जे करतो ते पाचव्याला करत नाही, म्हणून संख्या महत्त्वाची.

मोठ्या सरकारी महाविद्यालयाचा दुसरा फायदा म्हणजे सुई रेसिडेंटच्या, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरच्या, हातात असते. मानेत गाठ घेऊन आलेला रुग्ण थेट एफएनएसीच्या (सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायच्या) खोलीत येतो. गाठ चाचपायची, सुई घालायची, स्मिअर पसरायचा, झेडएन रंग लावून क्षयाचे जंतू शोधायचे, सगळं जेआर-वन (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) पहिल्या काही महिन्यांतच शिकतो. बोन मॅरोचंही तसंच. उद्या परभणी किंवा उदगीरला लॅब टाकलीत तर तुमच्याकडे येणारा रुग्ण गाठ घेऊनच येणार आहे, आणि तेव्हा ही सवयच कामी येईल.

आता उणी बाजू. सरकारी महाविद्यालयांत खरेदीची गाडी अडली की रिएजंट संपतात. आयएचसीचे (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखायच्या तपासणीचे) मार्कर कधी आहेत, कधी नाहीत. टेक्निशियनची पदं रिकामी असली की रजिस्टर भरणं, ब्लॉक शोधणं, रिपोर्ट वॉर्डात पोचवणं ही कामं रेसिडेंटच्या गळ्यात येतात. त्यातलं थोडं उपयोगी असतं. मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) स्वतः सेक्शन कापलेला डॉक्टर पुढे टेक्निशियनच्या ‘ब्लॉकच खराब आहे सर’ला फसत नाही. पण दिवसाचे चार तास त्यात गेले तर वाचन कधी करणार? म्हणून घाटी असो वा दुसरं कोणतंही सरकारी महाविद्यालय, तिथल्या जेआर-टूला विचारा की स्तनाच्या कर्करोगाचे ईआर, पीआर आणि हर-टू (उपचार ठरवणाऱ्या तीन तपासण्या) गेल्या महिन्यात विभागातच झाले का. ‘सुविधा आहे’ हे उत्तर पुरेसं समजू नका. गेल्या महिन्याचं विचारा.

अंबाजोगाई, नांदेड, लातूर

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. ‘गाव आहे, तिथे काय शिकणार’ हा शेरा पुण्यात शिकलेल्या मुलांकडून फार ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. किडनी बायोप्सी, लिव्हर ट्रान्सप्लांट, फ्रोजन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच करायची तपासणी) यांची अपेक्षा अशा ठिकाणी ठेवू नका. पण सर्पदंशाचा रुग्ण आला की वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, मग पीटी-आयएनआर, हे भर पावसाळ्यात रात्री-अपरात्री तुम्ही स्वतः लावता. रक्तक्षयाचे पेरिफेरल स्मिअर इतके बघता की लोहाची कमतरता, बी-१२ची कमतरता आणि दोन्ही एकत्र, हा फरक नजरेत बसतो.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ऊसतोड महिलांची गर्भाशयं सर्रास काढली जातात या तक्रारीवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. ती बातमी डॉक्टर, मुकादम आणि गरिबी याभोवती फिरली. पॅथॉलॉजिस्टचा उल्लेख क्वचितच झाला. वास्तविक काढलेल्या गर्भाशयात आजार होता की नव्हता याचा लेखी पुरावा आपल्याच विभागात तयार होतो, आणि नमुना पॅथॉलॉजीकडे पाठवलाच नाही तर तो पुरावा राहतही नाही. ‘नेहमीचाच युटेरस’ म्हणून जेआर-वनच्या अंगावर ढकलला जाणारा नमुना इथे वेगळ्या वजनाचा असतो. या भागात काम करायचं असेल तर ही जाण इथेच येते.

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय १९८८चं, आता विष्णुपुरीला. किनवट-माहूरचा आदिवासी पट्टा याच जिल्ह्यात असल्याने सिकलसेलचा विषय इथे परीक्षेपुरता राहत नाही. सिकलिंग चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस, एचपीएलसी यांपैकी विभागात काय चालतं ते विचारून घ्या. हेमॅटोलॉजीत पुढे डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करायचं मनात असेल तर माझ्या मते नांदेड शहराच्या नावावरून खाली ढकलू नये. लातूरचं विलासराव देशमुख शासकीय संस्थान त्यामानाने नवं, २००२ सालचं. शिकवणीच्या शहरात वाढलेल्या मुलांना घराजवळ राहायचं असतं हे समजू शकतो, पण तिथेही प्रश्न तेच विचारायचे.

खासगी आणि अभिमत

इथे मी थोडक्यात बोलतो, कारण निर्णय बहुतेक वेळा पैशावरच होतो. संभाजीनगरचं एमजीएम अभिमत विद्यापीठाखाली येतं. अभिमतच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात आणि त्यांची फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. बिगर-अभिमत खासगी महाविद्यालयांची येते. चांगल्या खासगी विभागात मशिनं नवी असतात, मल्टिहेड मायक्रोस्कोप चालू असतो, आणि विद्यार्थी कमी असल्याने शिक्षकांचा वेळ मिळतो. कमी पडतो तो माल, म्हणजे तपासायचे नमुने. वॉर्ड किती भरलेत हे ओपीडीच्या फलकावर बघू नका. ग्रॉसिंगच्या रजिस्टरचं शेवटचं पान बघा. आणि विद्यावेतन खात्यात जमा होतं का, जमा झालेलं तिथेच राहतं का, हे सीनियरला हॉस्टेलवर विचारा, विभागात नाही. पॅथॉलॉजीसाठी शेतजमीन विकून किंवा मोठं कर्ज काढून जागा घ्यायला मी कुणालाही सांगणार नाही. पहिल्या काही वर्षांत छोट्या गावातली लॅब तो हप्ता ओढू शकत नाही.

पुण्या-मुंबईचं डीएनबी

कॉर्पोरेट किंवा मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयातलं डीएनबी म्हणजे वेगळंच जग. सर्जन ऑपरेशन टेबलावर थांबलेला आहे आणि फ्रोजनचा निर्णय साधारण वीस मिनिटांत कळवायचा आहे, हा ताण मराठवाड्यात क्वचितच अनुभवायला मिळतो. आयएचसीचे पॅनेल, इम्युनोफ्लुरोसन्ससह किडनी बायोप्सी, फ्लो सायटोमेट्री हे सगळं जवळून दिसतं. त्याहून मोलाची, पण फारसं कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे गुणवत्ता नियंत्रण. एनएबीएलची (प्रयोगशाळा मान्यतेच्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबमध्ये रोज सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावणं, लेव्ही-जेनिंग्ज आलेख बघणं, वेस्टगार्डचे नियम मोडले की रिपोर्ट थांबवणं हे अंगवळणी पडतं. सरकारी महाविद्यालयातून आलेल्या कितीतरी चांगल्या पॅथॉलॉजिस्टना हे लॅब टाकल्यावर शिकावं लागतं.

मग अडचण कुठे आहे? रिपोर्ट वेळेत गेला पाहिजे हा तिथला धर्म. कन्सल्टंटकडे वेळ नसला की तुमचा मसुदा न वाचताच अंतिम रिपोर्ट निघतो आणि तुम्ही शेजारी बसून बघत राहता. बघणं आणि ठरवणं यांत फार अंतर आहे. सुई बऱ्याचदा सोनोग्राफीखाली रेडिओलॉजिस्ट घालतो, बोन मॅरो हेमॅटोलॉजिस्ट करतो, तुमच्याकडे येते ती फक्त स्लाइडची काच. क्षय, हिवताप, दुर्लक्षित राहून मोठी झालेली गाठ, असलं साधं पण रोजच्या कामाचं मटेरियल कमी. त्यात पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च.

परीक्षेतही फरक आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमडीला लेखी आणि प्रात्यक्षिक एकाच सत्रात होतं, आणि परीक्षकांत निम्मे आपल्या ओळखीचे असतात. डीएनबीला आधी लेखी उत्तीर्ण व्हायचं, मगच प्रात्यक्षिकाला बसता येतं, तेही दुसऱ्या केंद्रावर, अनोळखी परीक्षकांसमोर. मेहनती मुलांना हे जड नाही, पण तीन वर्षांनंतरचे आणखी सहा महिने घरच्यांना समजावण्याची तयारी ठेवा.

बाँड, पैसा आणि नंतरचं

सरकारी महाविद्यालयातून एमडी केल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. मुलं तिला शिक्षा समजतात. पॅथॉलॉजीत ती बहुधा फायद्याची ठरते, कारण सहायक प्राध्यापक व्हायला एक वर्षाची सीनियर रेसिडेन्सी लागतेच, आणि बाँडची पोस्टिंग वैद्यकीय महाविद्यालयात मिळाली तर दोन्ही गोष्टी एकदम होतात. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथे गेल्या काही वर्षांत सरकारी महाविद्यालयं निघाली आहेत. शिकायला आज ती तुमच्या यादीत नसतील, पण तीन वर्षांनी शिकवणारी माणसं तिथेच लागणार आहेत. डीएनबी करून अध्यापनात यायचं असेल तर रुग्णालय कोणतं यावरही पात्रता अवलंबून राहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२५चे अध्यापक पात्रता नियम प्रवेश घेण्याआधी वाचा, घेतल्यावर नव्हे. विद्यावेतनात २०२४च्या फेब्रुवारीत राज्याने महिना १० हजारांची वाढ मंजूर केली. हॉस्टेलची खोली मिळाली तर सरकारी रेसिडेंट घरी पैसे पाठवू शकतो. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला ते अवघड.

लॅब टाकायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच हवी असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं, तरी तालुक्यांत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. नुसती सही भाड्याने मागणारे पहिल्याच महिन्यात दारात येतील. स्वतः एफएनएसी करणारा, स्वतः स्मिअर बघणारा आणि सर्जनला फोन करून ‘हा नमुना पुन्हा पाठवा’ म्हणणारा पॅथॉलॉजिस्ट त्यांना नाही म्हणू शकतो, कारण त्याचं पोट सहीवर अवलंबून नसतं.

म्हणून माझा कल असा: मराठवाड्यात राहून काम करायचं असेल तर घाटी पहिली, मग नांदेड आणि अंबाजोगाई. एमडीनंतर वर्षभर एखाद्या एनएबीएल लॅबमध्ये काढा, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाची उणीव भरून निघेल. ऑन्कोपॅथॉलॉजीत (कर्करोगाच्या निदानात) जायचं, मोठ्या शहरात रिपोर्टिंग करायचं, असं पक्कं असेल तर भरपूर नमुने असलेल्या रुग्णालयाचं डीएनबी खासगी एमडीच्या वर ठेवा. मुंबईच्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळत असेल तर हा सगळा वादच मिटतो, पण त्या रँकची माणसं सहसा पॅथॉलॉजी विचारत नाहीत.

विभाग बघायला जाणार असाल तर सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळे ग्रॉसिंगमध्ये असतात. दुपारी तीननंतर जा, साइनआउट, म्हणजे शिक्षकांसोबत रिपोर्ट पक्के करणं, चालू असतं. जेआर-टूला त्याची कच्ची वही दाखवायला सांगा. त्यात दुसऱ्या शाईने केलेल्या दुरुस्त्या दिसल्या तर ते महाविद्यालय यादीत वर घ्या. वही कोरी असेल किंवा तो ‘कसली वही?’ म्हणाला, तर शहर कितीही आवडलेलं असो, एक-दोन पायऱ्या खाली.