पोई शिकून आठ महिने झाले: सासष्टीच्या भट्टीतलं काय घरी आलं, काय तिथेच राहिलं

आज रविवार. सकाळी साडेसातला ओटीजीतून, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधून, आठ पोया काढल्या. पोई म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला, आतून पोकळ गव्हाचा पाव. सहा टम्म फुगल्या, दोन एका बाजूनं चिकटून राहिल्या. डिसेंबरात आठांतली एक फुगली तरी दिवस चांगला जायचा, त्यामुळे या हिशोबावर मी खूश आहे.

गेल्या नोव्हेंबरात गोव्यात एका पदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, घरी पाच रात्री राहून पाव आणि पोई शिकले. तेव्हापासून ठाण्याच्या घरी जवळजवळ दर आठवड्याला भाजते आहे. अनुभव लिहायला इतके दिवस थांबले ते मुद्दाम. परतल्या परतल्या लिहिलं असतं तर भट्टीचा उजेड, पहाटेचा वास, म्हाताऱ्या मांयचे हात एवढंच लिहिलं असतं. ते सगळं खरंच आहे. पण अशा ठिकाणी जाऊन शिकावं का, हे विचारणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला हवं असतं ते हे, की घरी आल्यावर हातात काय उरतं.

आधी कुठे आणि कसं ते सांगते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात, मडगावपासून जवळ. तिच्या आईच्या दारात तीस वर्षं ज्या घरचा पाव येतो, ते हे घर. कोर्स नाही, जाहिरात नाही, प्रमाणपत्र नाही. राहण्या-जेवणाचे पाच दिवसांचे सहा हजार घेतले, शिकवण्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. हा भाग पोर्तुगीज काळापासून पावासाठी ओळखला जातो. १५१० साली पोर्तुगीज आले, त्यांना जेवणाला आणि चर्चमधल्या विधीला गव्हाचा पाव हवा होता. ती कला जेझुइट पाद्र्यांनी माजोर्डा गावच्या लोकांना शिकवली, असं सासष्टीत सांगतात. यीस्ट कुठून आणणार? म्हणून माडाच्या सुरेवर, म्हणजे ताडीवर, पीठ आंबवायला सुरुवात झाली. 'पदेर' हा शब्दही पोर्तुगीजच, 'पादेइरू'वरून आलेला. आणि आपण मुंबईत लादी तोडून खातो तो 'पाव' त्याच घरचा.

घरात सत्तरीच्या मांय, त्यांचा मुलगा, ज्याला सगळे पात्रांव म्हणतात, त्याची बायको, आणि भट्टीवर उत्तर कर्नाटकातले दोन कामगार. नातू शिकायला बाहेर आहे, या कामात येणार नाही. हे पात्रांव पहिल्याच संध्याकाळी सरळ सांगून मोकळा झाला. पुष्कळ पदेरांच्या घरी हीच कथा आहे. भट्टी चालते, पण घरातलं तरुण माणूस भट्टीवर नसतं.

काम रात्री अकराला सुरू होतं. पावाचा मैदा यंत्रात मळतात, पोईचं पीठ मात्र मांय अजून लाकडी डोणीत हातानं मळतात. पहिल्या रात्री मी सवयीप्रमाणे हाताला कोरडं पीठ लावून पुढे सरसावले. त्यांनी माझं मनगट धरलं, शेजारच्या टोपात बुचकळलं आणि म्हणाल्या, "बाय, हाताक पीठ नाका, उदक लाय." पोळीच्या कणकेची सवय असलेल्या बाईला हे पचायला जड जातं. आपली कणीक चिकटली की आपण पीठ भुरभुरवतो. पोईचं पीठ चिकटणारच, कारण ते मुळात सैल असतं. त्यात कोरडं पीठ घातलं की ते आवळतं, आणि आवळलेली पोई भट्टीत फुगत नाही, तिची जाड भाकरी होते. ओल्या हातानं पीठ तळातून उचलायचं, ताणायचं, स्वतःवरच दुमडायचं, टोप फिरवायचा, पुन्हा उचलायचं. मग झाकून ठेवायचं आणि हात लावायचा नाही. मी दर दहा मिनिटांनी फडकं उचलून बघत होते. "आजून न्हिदलां तें," मांय म्हणाल्या. झोपलंय अजून. मग त्यांनी बोटाचं पेर पिठात दाबून दाखवलं. खड्डा झटकन भरून आला तर थांबायचं, सावकाश अर्धाच भरला तर गोळे करायला घ्यायचे, आणि भरलाच नाही तर उशीर झाला. आठ महिन्यांत मी घड्याळावर विसंबले तेव्हा चुकले आहे, पेराच्या खड्ड्यावर विसंबले तेव्हा चुकले नाही.

पोई थापणं हा वेगळा धडा. गोळे गव्हाच्या कोंड्यात लोळवून फळीवर ठेवतात, थोडे फुलले की तळव्यानं चपटे करतात. बोटांची टोकं वापरायची नाहीत. कुठे बारीक भोक पडलं किंवा कड पातळ झाली, की आतली वाफ तिथूनच निसटते. पोटात पोकळी होते ती त्या वाफेनं. खालून एकदम सणसणीत उष्णता लागते, पाण्याची वाफ होते आणि दोन पापुद्रे सुटे होतात. फुलक्याचंच तत्त्व, फक्त पीठ आंबलेलं आणि जाड. फुलका ज्याला जमतो त्याला हे अर्धं येतंच. मराठी बाईनं पोई शिकताना घाबरायचं कारण नाही, ते यामुळे.

भट्टीला तिथे फोर्न म्हणतात. चिऱ्यांचा, मातीनं लिंपलेला घुमट. लाकूड आतच जाळायचं, घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या गोणपाटाच्या बोळ्यानं तळ पुसायचा. थर्मामीटर नाही. पात्रांव मूठभर कोंडा तळावर फेकतो. पडताक्षणी काळा झाला तर थांबायचं, हळूहळू तांबूस झाला तर लांब दांड्याचं फावडं घ्यायचं. तिसऱ्या रात्री त्यानं मला विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, झाली. तो म्हणाला, मात्शें राव. थोडं थांब. पाच मिनिटांनी पुन्हा कोंडा टाकला आणि मग मला फरक दिसला. अगदी बारीक फरक होता, आणि तो मला एका रात्रीत कुणी सांगून कळला नसता.

म्हणून माझं ठाम मत: एका दिवसाच्या 'अनुभवा'साठी जाऊ नका. एका दिवसात फोटो होतात, शिकणं होत नाही. आमच्या पाच रात्रींत एक रात्र गार होती, एका रात्री अवेळी पाऊस पडला, एकदा मैद्याचं पोतं बदललं. दर वेळी पाणी, वेळ, मळणं थोडं थोडं बदललं. ते बदलताना बघणं हेच शिक्षण होतं. पाचांत मला जेमतेम कळायला लागलं होतं.

पहाटे चारला पहिल्या टोपल्या भरतात. उंडे, कातरे पाव, पोया, बांगडीसारखी कडक काकणं. साडेपाचला सायकली निघतात आणि गल्लीगल्लीत तो भोंगा वाजायला लागतो. दुपारी पुन्हा एक फेरी. मी एका सकाळी सायकलीमागे चालत गेले. एका दारात आजी पिशवी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी पोई बोटानं दाबून बघितली, परत केली, दुसरी घेतली. भट्टीवर कुणी काही बोललं नाही, पण पात्रांवला ते घर कुठलं ते बरोबर ठाऊक होतं.

आता घरचं.

माझं सध्याचं प्रमाण लिहिते, कारण मला तेच शोधूनही मिळत नव्हतं. गिरणीतून जरा जाडसर दळून आणलेलं गव्हाचं पीठ ३५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, पाणी ३६० ग्रॅमच्या आसपास, मीठ ९ ग्रॅम, साखर चमचाभर. आदल्या रात्री यातलंच १०० ग्रॅम पीठ, १०० ग्रॅम पाणी आणि चिमूटभर इन्स्टंट यीस्ट कालवून ठेवते. सकाळी ते बाकीच्यात मिसळते आणि वर आणखी २ ग्रॅम यीस्ट. चक्कीच्या पिठात दळताना पिष्टाचे कण फुटतात, म्हणून ते पाणी जास्त पितं. परदेशी पाककृतींतलं पाण्याचं प्रमाण आपल्या पिठाला कमी पडतं ते म्हणून. पहिले दोन महिने मी तिथेच अडकले होते. हिवाळ्यात पीठ फुलायला तीन तास घेत होतं, मे महिन्यात दीड तासात पेराचा खड्डा भरायचा थांबला. मेमध्ये मी सरळ फ्रिजचं गार पाणी वापरलं. आता पावसाळ्यात हवाच दमट, पाणी १५-२० ग्रॅमनं कमी करते.

सुरेचं मात्र जमलं नाही. त्या घरीही रोजच्या पावाला आता यीस्टच. सूर काढायला माडावर दिवसातून तीनदा चढणारा रेंदेर मिळणं कठीण झालंय, आणि मिळाला तरी सूर रोज तेवढी, तशीच येईल याची खात्री नाही. चौथ्या रात्री मात्र मांयनी माझ्यासाठी थोडं पीठ सुरेवर ठेवलं. त्या पोईला किंचित आंबूस, गोडसर चव होती आणि दुसऱ्या दिवशीही ती मऊ राहिली. ठाण्यात मी नीरा आणून उबेला ठेवून बघितली. दोनदा बरं जमलं, तिसऱ्यांदा व्हिनेगरचा वास आला आणि पीठ टाकावं लागलं. हा नाद सोडला. रात्रभर ठेवलेलं आंबवण त्या चवीच्या थोडं जवळ जातं, तेवढ्यावर समाधान आहे.

सगळ्यात जास्त मनस्ताप ओटीजीनं दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण काटा २५० वर आणि आत ठेवलेला थर्मामीटर २०५ दाखवतो. सर्व्हिसवाला येऊन गेला, म्हणाला इतका फरक चालतो. केक चालत असेल, पोई चालत नाही. तीन महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत होते आणि दोष उष्णतेत होता, याचा मला अजून राग येतो. कुणी सुरुवात करणार असेल तर पिठाच्या आधी तीन-चारशे रुपयांचा थर्मामीटर घ्या. उपाय सापडला तो आईच्या जुन्या बिडाच्या तव्यात. तवा खालच्या जाळीवर पालथा घालून पाऊण तास तापवायचा आणि पोई थेट त्यावर टाकायची. पहिल्या दोन-तीन मिनिटांत फुगली तर फुगली. एका वेळी दोनच मावतात, दोन खेपांत तवा पुन्हा तापायला पाच-सात मिनिटं द्यावी लागतात.

तरीही फोर्नमधली पोई ती फोर्नमधली. चहूबाजूंनी येणारी ती धग, घुमटातली वाफ, वरच्या सालीला येणारा तो करपट-लाकडी वास घरी येत नाही, आणि कुणी येतो म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही. उंडे मी चार वेळा करून सोडून दिले. त्यांचं कडक कवच माझ्या ओटीजीत होतच नाही. पाव बरा होतो, पण आमच्या नाक्यावरच्या बेकरीचा त्याहून चांगला आणि ताजा मिळतो, मग तो घरी का करायचा? पोई मात्र इथे चांगली मिळत नाही, आणि कोंड्याची पोई घरच्या मुलीला चपातीपेक्षा जास्त आवडते. म्हणून पोई राहिली.

जायचं असेल तर काही गोष्टी माहीत असू द्या. झोप दुपारी तुकड्यातुकड्यांत मिळते. पिठाची धूळ आणि धूर दोन्ही आहे, दमा असणाऱ्यांनी जाऊ नये. तीच त्या घराची मिळकत आहे, त्यामुळे रात्री दोन ते पाचच्या घाईत कुणी तुमच्या प्रश्नांना उत्तर देणार नाही. तेव्हा टोपल्या उचला, फळ्या पुसा, बघत राहा. विचारायचं ते दुपारी जेवणानंतर. कोकणी येत नसली तरी मराठीनं काम भागतं. कोकणी नीट ऐकत गेलात तर दोन दिवसांत निम्मी कळते. पावसाळ्यात शक्यतो टाळा, लाकूड सर्दावलेलं असतं आणि भट्टी धुमसत राहते.

मांयना महिन्यातून एकदा फोन होतो. मार्चमध्ये व्हिडिओवर त्यांना पोई फोडून आतली पोकळी दाखवली. त्यांनी सुनेला फोन जवळ धरायला लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, कोंडा बारीक आहे, चाळणी बदल. बदलली. डिसेंबरात लग्नसराईत त्या बोल करतात, लेकीबरोबर सासरी पाठवायचा तो गुळाखोबऱ्याचा गोड पाव. तो बघायला मला बोलावलंय. सुट्टी मंजूर झाली आहे.