स्पिन-क्लीन: धुतं उत्तम, विसळणं आपल्याकडे

लांबट प्लॅस्टिकचा टब, आत समोरासमोर बसणारे दोन ब्रश आणि रेकॉर्डची कडा टेकायला दोन रोलर, एवढाच स्पिन-क्लीन या रेकॉर्ड धुण्याच्या उपकरणाचा पसारा. मोटर नाही, पाणी शोषून घेणारा व्हॅक्यूम नाही. १९७५ पासून बाजारात असलेलं हे अमेरिकन उपकरण जुन्या रेकॉर्ड हाताने धुणाऱ्याला आजही घ्यावंसं वाटतं, आणि ते योग्यच आहे.

रोलर बसवायला तीन जागा आहेत: १२, १० आणि ७ इंची तबकड्यांसाठी. आधी रोलर, मग ब्रश. टबातल्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वाळल्यावर खाचेतच राहतात आणि सुईखाली टिकटिक ऐकू येते. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं. बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारीच ॲसिडही विकायला असतं. सोबतच्या धुण्याच्या द्रवाची तीन झाकणं थेट ब्रशवर ओतायची. कोरड्या ब्रशमध्ये रेकॉर्ड सरकवली तर ती अडकते, म्हणून ब्रश पूर्ण भिजू द्या.

टबात घालण्याआधी रेकॉर्डवरची सुटी धूळ कार्बन फायबरच्या ब्रशने झाडून घ्या, नाहीतर पहिल्या पाच रेकॉर्डमध्येच पाणी गढूळ होतं. मग दोन्ही तळव्यांनी कडा धरून तीन फेरे एका दिशेने, तीन उलट्या दिशेने, सावकाश. घाईने फिरवलं की पाणी लेबलवर उडतं. लेबल झाकायची सोय इथे नाही आणि जुन्या लेबलांची शाई फुटते. बाहेर काढताना रेकॉर्ड टबावरच उभी धरून चांगली निथळू द्या.

खरी उणीव यापुढे आहे. एका भरणीत ५० रेकॉर्ड होतात असं कंपनी सांगते, आणि मळ तळाशी बसतो हे खरं. तरी जुन्या बाजारातल्या, बुरशी लागलेल्या रेकॉर्ड असतील तर १५-२० नंतर पाणी बदलावंच. शिवाय तबकडी बाहेर येते ती साबणाच्या पाण्यातूनच. तसंच पुसलं तर द्रवाचा अंश खाचेत वाळतो आणि दोन-चार वेळा वाजवल्यावर सुईच्या टोकावर पांढुरका गोळा जमतो. बरेच जण तेव्हा धुण्याला दोष देतात. चुकलेलं असतं ते विसळणं. दुसऱ्या टबात नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि वेगळी ब्रशजोडी ठेवून प्रत्येक बाजू पुन्हा फिरवून घेतली की फरक गाण्यातल्या पहिल्याच शांत जागेत कळतो. हा जादा खर्च किमतीत धरूनच उपकरण घ्या.

पुसण्याचं कापड सोबत येतं. ते फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये कधीच धुऊ नका, त्याचा थर रेकॉर्डवर येतो. कापडाने खाचांच्या दिशेने फक्त टिपायचं. घासलं की स्थिर वीज तयार होते आणि धूळ पुन्हा ओढली जाते. मग ताटं उभी ठेवायच्या स्वच्छ जाळीत, पंखा बंद करून, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात घाई नकोच: ओलसर रेकॉर्ड पाकिटात गेली की बुरशीला घर मिळालं. आणि पाकीट नवंच हवं. जुन्या कागदी पाकिटातली धूळ सगळी मेहनत वाया घालवते.

७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या लाखेच्या तबकड्यांसाठीही हा द्रव चालतो, कारण त्यात अल्कोहोल नाही. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. पण तडा गेलेली तबकडी पाण्यात घालू नका. काहींच्या आत कागदाचा थर असतो, तो फुगतो. धरताना जपा, लाख वाकत नाही, तुटते.

जर्मन नॉस्टी डिस्को-अँटिस्टॅट हे असंच हाताने फिरवायचं उपकरण लेबल दोन्ही बाजूंनी घट्ट झाकतं, वाळवायची जाळीही देतं. तिथे ते सरस. पण सोबतच्या द्रवात अल्कोहोल असल्याने लाखेच्या तबकड्या त्यात नकोत. ज्यांच्या कपाटात जुन्या नाट्यपदांच्या ७८ आणि एलपी दोन्ही आहेत, त्यांनी स्पिन-क्लीनच घ्यावं.

ओरखडे आणि जड सुईने झिजलेल्या खाचा कशानेच भरत नाहीत. बुरशीने पृष्ठभाग खाल्ला असेल तर डाग जातो, खरखर राहते. विकत घेतानाच रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून पाहा: चमक असूनही धूळ दिसली तर धुऊन उपयोग आहे, खाचाच करड्या पडल्या असतील तर नाही.